विहिरीची संमती

नागपूर,
४ एप्रिल १९७१

ति. कौसल्याताईस,
बळीरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. तिकडे काटोलला तुझी शाळा आणि शाळेतल्या पोरांचे कान, दोन्ही सुखरूप असतील अशी आशा करतो. मी कार्पोरेशनचा मेंबर झालो तरी घरात पाणी अजून मीच भरतो, तेव्हा भाऊ शेफारला अशी चिंता नसावी.

काम असं आहे. वस्तीत नळ आले. मागच्या उन्हाळ्यात गॅस्ट्रोनं दोन लेकरं गेली, म्हणून वॉर्डातल्या सगळ्या विहिरी बुजवायचा ठराव येतो आहे. आपल्या अंगणातलीही त्यात आहे. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे तुझी लेखी संमती लागेल. घरटॅक्सच्या कामासाठी तू सही करून ठेवलेले दोन कोरे कागद पेटीत आहेत, पण त्यांना मी हात लावणार नाही. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय सरकारनं काही घेऊ नये, हे मी वस्तीतल्या प्रत्येक सभेत सांगत आलो. आता थोडं सरकार मीही आहे, म्हणून रीतसर विचारतो.

लेक जया आत्याची वाट पाहते. उत्तर लवकर धाडावं, लोभ असावा.

तुझा,
बळीराम


काटोल,
११ एप्रिल १९७१

चि. बळीरामास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा एकदा वाचलं. विहीर बुजवायला माझी संमती नाही.

तू तेव्हा रांगत होतास, म्हणून पुन्हा सांगते. सरकारी विहिरीवर आपली बादली टाकू देत नव्हते, म्हणून बाबांनी ही खोदली. आई टोपल्यानं माती उपसायची, मी दगड वेचायची. तीन उन्हाळे गेले त्यात. दीक्षेच्या साली खेड्यापाड्यांतून आलेली माणसं आपल्या अंगणात पोटभर पाणी प्यायली, आणि पुढे दर दसऱ्याला बाबा त्यांच्यासाठी नवा दोर लावत राहिले.

पाणी वाईट असेल तर औषध टाक, वर झाकण बसव, उकळून प्या म्हणून घरोघरी सांग. दिल्ली-मुंबईनं आमच्या गल्लीत नाक खुपसू नये, गल्लीचं गल्लीनं ठरवावं, असं तू म्हणतोस ना, तिथेच आपलं जमत नाही. काही गोष्टी गल्लीनंही ठरवायच्या नसतात. बाबांनी बहुमताला विचारून विहीर खोदली नव्हती. विहिरी तेव्हा बहुमताच्याच तर ताब्यात होत्या.

कोऱ्या कागदांना तू हात लावणार नाहीस, हे न सांगताही मला ठाऊक होतं. उन्हात हिंडू नकोस. जयाला गोड पापा. तुझ्यावर लोभ आहेच, तो काही ठरावानं कमी होत नाही.

कौसल्या


नागपूर,
२ मे १९७१

ति. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. म्हणणं पटलं नाही, पण पोचलं. ठराव मंजूर झाला. विहिरीचं सावकाश बोलू.

एकच विनवणी. रागाच्या भरात कोर्टाची पायरी चढू नकोस. गल्लीला वठणीवर आणायला मोठं सरकार बोलावलं, की ते पुन्हा गल्लीतून जात नाही. आणि यंदा सुट्टीत इकडे येऊ नकोस, ऊन फार आहे. आम्हीच सवडीनं येऊ. लोभ असावा.

बळीराम


काटोल,
१९ मे १९७१

बळीराम,

शेजारच्या मीराकाकू लग्नासाठी इथे आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, की विहीर बुजवाले सही काहून देल्ली वं, एवढी घाई काय होती. मी दिली नाही म्हटलं, तर म्हणाल्या, बळीरामनं सभेत कागद वाचून दाखवला, खालची सही साऱ्यांनी पाहिली. मेंबराच्या घरूनच संमती आली म्हणून उरलेल्या सात घरांनीही सह्या केल्या. आता तिथे मुरूम टाकला आहे, आणि त्यावर तुझी सायकल उभी असते.

तुला बळजबरी करायची नव्हती, हे मी मानते. तुझ्या तत्त्वाला संमती हवी होती. ती मिळेना, तेव्हा तू ती घरीच तयार केलीस. कार्पोरेशनचा माणूस म्हणून उघड कुदळ घेऊन आला असतास, तर मी भांडले असते, रडले असते, पण भाऊ हातचा गेला नसता. हा विश्वासघात आहे. दुसरा शब्द मी फार शोधला.

बाबांना सही येत नव्हती. त्यांच्या अंगठ्याच्या वर लोकांनी काय काय लिहून घेतलं, ते तू ऐकलं आहेस. म्हणून त्यांनी मला सगळ्यांत आधी सही शिकायला लावली. तुला मी शिकवली, पाटीवर, त्याच विहिरीच्या काठाशी बसून.

कोर्टाची भीती बाळगू नकोस. तिथे मला विचारतील की सही तुझी का, आणि मला हो म्हणावं लागेल.

या पत्राखाली मी सही करत नाही. पेटीत एक कोरा कागद अजून उरला आहे. लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत असते. तेवढं त्या कागदावर, माझ्या सहीच्या वर, तूच लिहून घे.