माणशी एकशे ऐंशी रुपये

येडशी,
२४ सप्टेंबर १९८६

चि. गुलाब यास,
अक्काचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बरे आहोत. टँकर एक दिवसाआड येतो. हापसा नुसता हवा ओढतो, तरी बाया सवयीनं दांडा हलवून बघतात.

तुझ्या भाषणाची चर्चा गिरणीच्या फाटकावर अजून चालू आहे. तू उभा राहिलास की माणसं तंबाखू मळायची थांबतात, हे मी पुन्हा पाहिलं. तुझ्या बायकोला विचार, घरी बोलताना तरी मधे श्वास घेतोस का. तुझ्या ठरावानं माझा मंगळवारचा वर्ग बंद झाला. बिडी सोडू पाहणाऱ्या कामगारांना गोळा करून बसवत होते, त्यांना धीर देत होते, ते आता संपलं. दवाखान्यातली नोकरी आहेच, मी रिकामी राहणार नाही. ते मला लागलं, पण ते सोड.

मला विचारायचंय ते ज्ञानोबाकाकांचं. भरसभेत तू त्यांचं नाव घेतलंस आणि सगळा मंडप मागं वळून हसला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, तिथून मला काका दिसत होते. त्यांनीही हसल्यासारखं केलं. घरी येऊन जेवले नाहीत. चार दिवस झाले, कामापुरतं बोलतात. आई-वडील गेल्यावर ज्यांनी आपल्याला पदरात घेतलं, त्यांचंच नाव तुला मिळालं का रे?

उत्तर पाठव. रागावले तरी मायेत कमी नाही, हे धरून चाल.

तुझी
मुक्ताअक्का

*

धाराशिव,
२९ सप्टेंबर १९८६

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाईट वाटलं, पण माघार घेण्यासारखं मला त्यात काही दिसत नाही.

गावोगावी हंडे रांगेत उभे आहेत, जनावरं छावणीत आहेत, आणि आपली सहकारी सूत गिरणी वर्षाला एक हजार ऐंशी रुपये कशावर घालते? वर्गाच्या चहावर, फुटाण्यांवर आणि डॉक्टरांच्या जाण्यायेण्यावर. वर्षाअखेर बिडी सुटली ती सहा जणांची, हा आकडा तूच दिलास. माणशी एकशे ऐंशी रुपये पडले. ही रक्कम कुणा एकाच्या खिशातली नाही, कापूस घालणाऱ्या प्रत्येक सभासदाची आहे. चांगल्या हेतूलाही हिशेब द्यावा लागतो, अक्का. हेतू चांगला म्हणून हिशेब माफ झाला की तिथूनच संस्था किडायला लागते.

दुसरं असं. गिरणीच्या संचालक मंडळावर बसलेला आपल्या समाजातला मी पहिला माणूस. आजवर तिथं बसलेल्यांनी पाहुण्यारावळ्यांची सोय पाहिली. हा वर्ग माझ्या बहिणीचा आणि त्यात माझा चुलता. मी गप्प राहिलो असतो तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला जाब विचारला असता? म्हणूनच काकांचं नाव घेतलं. मी ऐकीव बोललो नाही. ऑगस्टमध्ये गिरणी पाहायला आलो तेव्हा आवारातल्या लिंबाखाली काका बसलेले मी स्वतः पाहिले, बोटांत बिडी होती. तेच सभेत सांगितलं, की माझे सख्खे चुलते मंगळवारी संस्थेचे फुटाणे खातात आणि बुधवारी लिंबाखाली बिडी धरतात. लोक हसले, कारण ते खरं होतं.

काकांना माझा जयभीम सांग. त्यांचा राग निवळेल. तुझा लोभ मात्र आहे तसाच राहू दे.

तुझा
गुलाब

*

येडशी,
८ ऑक्टोबर १९८६

चि. गुलाब यास,
जयभीम व आशीर्वाद.

लिहू की नको, यात दोन दिवस गेले. काकांच्या शेजारी काम करणारा कल्याणप्पा परवा दवाखान्यात आला होता. त्यानं सांगितलं ते तुला सांगते.

गिरणीत आत बिडीला बंदी आहे. कापसाजवळ ठिणगी नको. म्हणून बिडी ओढणाऱ्याला पाळीवरचा मुकादम, जॉबर महालिंगप्पा पाळीत दोनदा बाहेर सोडतो. जो ओढत नाही त्याला बाहेर जायला कारणच नाही. त्यानं यंत्रावर उभं राहायचं आणि बाहेर गेलेल्याचं यंत्रही सांभाळायचं. हा नियम कुणी केला नाही, गिरणी सुरू झाल्यापासून तसंच चालत आलं आहे. म्हणजे माझ्या वर्गात येऊन ज्यानं बिडी सोडली, त्याचं बसणंही सुटलं. मनाचा निर्धार नाही म्हणून वर्षभर मी त्यांनाच बोलत राहिले. एकानंही खरं कारण सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. माझीच मला लाज वाटते.

काकांनी भीमजयंतीच्या आधीच बिडी सोडली होती. पण या वयात आठ तास उभं राहून पाय भरून येत. म्हणून खिशातली एक बिडी हातात धरून ते लिंबाखाली जाऊन बसत. ती त्यांनी कधी पेटवली नाही. तू पाहिलीस ती तीच. मला सांगितलं नाही, कारण गोष्ट फुटली असती तर महालिंगप्पानं बसणं बंद केलं असतं. कल्याणप्पासुद्धा तसाच, आणि असे सगळे मिळून पाच. मी त्यांना ओढणाऱ्यांत धरलं आणि माझा आकडा घेऊन तू उभा राहिलास.

म्हणजे सहा नव्हे, अकरा. भागाकार तुझा बरोबर होता, भाजक चुकला. खर्च शंभराच्या आत येतो. आणि तुझे सहाच धरले तरी बघ. काका रोज बिडीचा एक कट्टा संपवत, दीड रुपयाचा. वर्षाचे साडेपाचशे झाले. तुझे एकशे ऐंशी एकदाच गेले, हे साडेपाचशे दरवर्षी घरात राहतात. खोकल्याचं औषध आणि बुडालेली रोजी वेगळीच. तू अर्थशास्त्राची पुस्तकं उशाला घेऊन झोपतोस, तुला मी काय सांगू.

आता शेवटचं. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून काका खरोखर ओढायला लागलेत. पुन्हा रोजचा कट्टा. रात्री खोकतात तेव्हा भिंतीपलीकडून मी ऐकत पडते. मी विचारलं तर म्हणाले, एवढ्या लोकांत पोरानं सांगितलंय म्या ओढतो म्हणून, आता त्याला खोटं कशाला पाडू.

या रविवारी ये. भाषण नको, नुसती भाकरी खायला ये आणि त्यांच्यासमोर बस.

वाट बघणारी
मुक्ताअक्का

*

धाराशिव,
१४ ऑक्टोबर १९८६

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम.

काय लिहू? माणसाची इज्जत सगळ्यांत वर, हे मी गावोगावच्या चावडीवर ओरडून सांगत आलो. आणि निःपक्षपाती म्हणवून घेण्यासाठी घरातल्याच माणसाची इज्जत मंडपात वाटून टाकली. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर मी आधी चौकशी केली असती. काका आपले म्हणून विचारायची गरज वाटली नाही. ज्या हातांनी मला वसतिगृहाच्या दारात आणून सोडलं होतं, त्याच हातात काय आहे हे जवळ जाऊन पाहिलं नाही. लांबून पाहिलं, आणि बोलायला मिळालं म्हणून मनात खूष झालो. होय, खूष झालो. हे तुला सोडून कुणाला सांगता येणार नाही.

मंडळाच्या बैठकीत विषय मांडला. आता पाळीत दोनदा दहा मिनिटं सगळ्यांना मिळतील, ओढो वा न ओढो, बायांनाही. त्याला जवळजवळ काही खर्च नाही. आण्णासाहेब चेअरमन म्हणाले, इतकी साधी गोष्ट होती तर वर्ग बंद करायच्या आधी का नाही सुचली?

वर्ग पुन्हा सुरू करायला सभेचाच ठराव लागतो. १६ नोव्हेंबरला विशेष सभा आहे. जिथं अपमान केला तिथंच उभं राहून मागं घेईन.

रविवारी कामं होती असं लिहिणार होतो. खोटं नको. मी स्टँडवर आलो होतो. येडशीची एस.टी. लागली, भरली आणि गेली. मी खांबाशी उभाच राहिलो. काकांनी दार उघडल्यावर पहिला शब्द कोणता बोलायचा, तो मला सापडेना.

तोडू नकोस, एवढंच मागणं.

गुलाब

*

येडशी,
२ नोव्हेंबर १९८६

चि. गुलाब यास,
जयभीम व आशीर्वाद.

सुट्टी सगळ्यांना मिळायला लागली. बाया आता लिंबाखाली पाय पसरून बसतात आणि महालिंगप्पा तोंड वाकडं करून घड्याळ बघतो. एकीनं त्याला विचारलं म्हणे, व्हय वो, आता आमीबी बिडी धरावी का? सगळ्या हसल्या. काका मात्र बाहेर जात नाहीत. त्या दहा मिनिटांत यंत्राशीच उभे असतात. बिडी फाटकाबाहेर जाऊन, पाळी सुटल्यावर ओढतात.

सभेआधी घरी येऊन जा. सभेची तुला भीती नाही, ती तुझी जागा आहे. तुला अवघड काय आहे ते तुला माहीत आहे.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच असं टोचून लिहिते.

मुक्ताअक्का

*

धाराशिव,
१७ नोव्हेंबर १९८६

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम.

काल तुझी पाळी दवाखान्यात होती, म्हणून लिहून गिरणीच्या गाडीबरोबर आजच पाठवतो. ठराव एकमतानं झाला. उद्याच्या मंगळवारपासून वर्ग सुरू कर.

मी सगळं सांगितलं. आकडा चुकीचा होता, पाहिलं ते चुकीचं होतं, माझे चुलते ज्ञानोबा यांनी बिडी सोडली होती आणि मी त्यांचं हसं केलं. मागच्या रांगेत पाहिलं, काका नव्हते. त्यांना बघून बोलणं सुचणार नाही अशी भीती होती. ते नव्हते, तर बोलणं कसं धो-धो आलं.

आणि अक्का, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. आण्णासाहेबांनी हात हातात घेतला, म्हणाले, असं भाषण फार दिवसांत ऐकलं नव्हतं. स्वतःचा गुन्हा सांगतानाही आवाज कुठं चढवायचा आणि कुठं थांबायचं, हे मी बघत होतो. ते मला कळत होतं, तरी थांबवता आलं नाही. पहिल्या सभेनंतर मला लाज वाटली नव्हती. काल वाटली. मागच्या फाटकानं निघालो. काकांचं कामाचं खातं तिथून चाळीस पावलांवर असेल. तिकडं पाहिलं नाही.

तुझा, असलो तर
गुलाब

*

येडशी,
२० नोव्हेंबर १९८६

चि. गुलाब यास,
जयभीम व आशीर्वाद.

मंगळवारी वर्ग भरला. चौदा जण आले, त्यांत दोघं नवे. काका आले नाहीत. खोकला तसाच आहे.

सभेच्या दिवशी त्यांनी मुद्दाम पाळी बदलून घेतली होती. तू बोलत होतास तेव्हा लाईट गेली आणि यंत्रं थांबली, त्यामुळं मंडपातल्या टाळ्या खात्यात स्वच्छ ऐकू गेल्या. काकांनी कल्याणप्पाला विचारलं, आज कुणाचं नाव घेतलं पोरानं? पाळी सुटल्यावर कल्याणप्पानं सभेला गेलेल्यांकडून ऐकून येऊन त्यांना सगळं सांगितलं, काही न गाळता. काल संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्यापुढं बसले आणि गुलाबला चार शब्द लिही म्हणाले. ते बोलले तसेच खाली लिहिते.

जिवाला जप, आणि आमच्याकडचा ओढा कमी करू नकोस.

तुझी
मुक्ताअक्का

ता. क. काका सांगतात: सभेला सांगितलंस ते कळलं. बेस केलंस. सभेची माझी काय तक्रार नव्हती. मला कवा सांगणार?