शेऱ्याचा रकाना

राजधानी,
१४ जानेवारी १९६७

ती. आर्डिसताईस,
हार्लनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचलो. हॉटेलात खोली मिळाली आहे, गाद्या इतक्या मऊ की पाठ दुखते. पहिल्या दिवशी विधानगृहाच्या घुमटाखाली उभा राहिलो आणि वर बघता बघता टोपी पडली. आपल्या ओढ्यावरचा एक गुराखी इथे बसून सगळ्या राज्यासाठी कायदा करणार, हे अजून मला खरं वाटत नाही. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी टोपी उचलून दिली आणि म्हणाले, पहिल्या खेपेला सगळ्यांचीच पडते.

तुला अभिमान वाटेल अशी बातमी आहे. शिक्षण समितीत माझी वर्णी लागली, आणि पहिलं विधेयक मांडायचा मानही मलाच. दोन गोष्टी आहेत त्यात. एक, एक सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण असतील तरच मूल शाळेत घ्यायचं, जन्मदाखला बघून. वर्षअखेरपर्यंत चालेल, ही सध्याची ढिलाई बंद. दुसरी, ऑक्टोबरात तुम्ही शिक्षक जो लांबलचक तक्ता पाठवता, तो बंद करून एक छोटं कार्ड. नुसते आकडे, यंत्राला वाचता येतील असे. तुमचा तो शेऱ्याचा रकाना जाणार. पस्तीस वर्षं दर ऑक्टोबरला कंदिलाशी बसून तो भरताना मी तुला पाहिलं आहे. सुटलीस बघ! तसंही ते कोण वाचतं?

नवरा असून व्हर्नाला एकटीला गाई व्यायच्या हंगामात सोडून आलो, ही टोचणी आहे. तू शनिवारी तिच्याकडे जातेस म्हणून धीर आहे.

लोभ आहे तसा असू दे, पत्रांची संख्या मात्र वाढव.

तुझा,
हार्लन

•

ॲन्टिलोप ओढा शाळा,
२६ जानेवारी

चि. हार्लन यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे पारा उणे अठ्ठावीसवर आहे आणि शाळेतली शाई रोज सकाळी शेगडीजवळ ठेवून वितळवावी लागते. मुलं घरून बटाटा आणतात, त्यावर आपलं नाव कोरतात आणि शेगडीवर भाजायला ठेवतात. काल ड्वेनने बहिणीचं नाव खरवडून आपलं कोरलं. चोरीचा बटाटा खाताना जीभ भाजली, म्हणजे न्याय झाला. व्हर्नाच्या सात गाई व्यायल्या, सातही वासरं जिवंत आहेत. तुझ्यावाचून काही अडत नाही, तेव्हा टोचणी लावून घेऊ नकोस.

आता विधेयकाचं. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण हार्लन, माझ्या शाळेत पाच मुलं आहेत. मे महिन्यात थोरला क्लेटन आठवी पास होऊन जाईल. ऑक्टोबरच्या तक्त्यात पाचाच्या खाली आकडा गेला की शाळेला कुलूप, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या जागी पाचवी यायची ती स्ट्रॉमस्टॅडांची इंगा. तिचा जन्म नऊ नोव्हेंबरचा. आताच्या नियमात ती बसते, तुझ्या नियमात बसत नाही.

इंगाची आई ऑगस्टपासून क्षयाच्या इस्पितळात आहे. बाप एकटा. पोर दिवसभर त्याच्या ट्रकमध्ये कुत्र्याला बिलगून बसते आणि तो गुरांना गवत टाकत हिंडतो. परवा तो शाळेत सरपण टाकायला आला, तर ही खिडकीला नाक लावून मुलांचे पाढे ऐकत होती. काचेवर तिच्या नाकाचा डाग गोठून राहिला. मला तो पुसवला नाही.

शाळा बंद झाली तर काय होतं तेही तुला माहीत आहे. आया मुलांना घेऊन पन्नास मैलांवर गावात खोल्या करतात, बाप इकडे गुरांपाशी, आणि हिवाळाभर घर दुभंगून राहतं. माझं म्हणशील तर मी चोपन्न वर्षांची आहे, मला कुठेही खुर्ची मिळेल. प्रश्न माझा नाही.

रागावू नकोस. लहानपणी तुला शेंबूड पुसायला शिकवलं ते मीच, म्हणून लिहिते आहे.

तुझी,
ताई

•

राजधानी,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. इंगाचं वाईट वाटलं. पण ताई, कायदा एका मुलीसाठी होत नाही. एकीला सोडलं की दुसरा येतो, तिसरा येतो, आणि मग नियम म्हणजे नुसती गाळणी. शहरातले लोक पोरांना लवकर पुढे ढकलायला खोटी वयं लिहितात, त्याला आळा नको? तूच शिकवलंस ना, की तक्त्यात लिहिलेलं खरं असलं पाहिजे, कारण तिथे राजधानीत बसलेल्या माणसाला आपलं तोंड दिसत नाही, फक्त अक्षर दिसतं?

इथे गुस्ताफसन म्हणून एक म्हातारे सभासद आहेत, गव्हाच्या प्रदेशातले. माझ्या प्रत्येक वाक्याला विरोध करायचा विडा उचलला आहे त्यांनी. म्हणतात, शिक्षकाला यंत्राचा कारकून करू नका. म्हातारा हट्टी आहे, पण बोलतो छान. चोवीस तारखेला मतदान आहे. आता माघार घेतली तर पहिल्याच विधेयकात तोंडघशी पडेन. तूच सांग, मी काय करू?

तुझ्या रागावर माझा हक्क आहे, तो राखून ठेव.

तुझा,
हार्लन

•

ॲन्टिलोप ओढा शाळा,
९ फेब्रुवारी

चि. हार्लन यास,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगते. पस्तीस वर्षं सांगितलं नव्हतं.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. बाबा मेंढरांबरोबर डोंगरावर, आणि मला एकोणिसाव्या वर्षी ही शाळा नुकतीच मिळालेली. तुला घरी ठेवायला कोणी नव्हतं. मी तुला घोड्यावर पुढ्यात बसवून शाळेत आणायची, शेगडीमागे घोंगडीवर बसवायची. त्या वर्षी मुलं होती चार. आणि नियम तेव्हाही पाचाचा होता, मुलांचाही आणि वयाचाही.

एकोणीसशे बत्तीसच्या ऑक्टोबरात मी तक्त्यात तुझं नाव पाचवं लिहिलं, आणि वयाच्या रकान्यात पाच लिहिलं. खोटं लिहिलं, हार्लन. शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहावं म्हणून पेन उचललं, पण हात चालला नाही. तो रकाना कोरा ठेवला. नंतर दरवर्षी मी तो काठोकाठ भरत आले, कुणाचे बूट फाटले, कुणाला गोवर आला, कोण पहिल्यांदा वाचायला लागलं, सगळं. ते एका कोऱ्या रकान्याचं प्रायश्चित्त होतं. तू म्हणतोस कोण वाचतं. मला तर भीतीच होती की कोणी वाचेल.

खोट्या तक्त्याला शिक्षिकेचा परवाना जातो. मुदतीचा नियम त्याला आहे की नाही मला माहीत नाही. तुला हे सभागृहात सांगावंसं वाटलं तर सांग, माझं नाव घे. नाही वाटलं तर हे पत्र शेगडीत टाक. पण मतदान करताना एवढं लक्षात असू दे, की तुझ्या विधेयकाने सगळ्यात आधी तुलाच शाळेबाहेर काढलं असतं.

व्हर्नाकडे जुळी वासरं झाली. गाय एकालाच जवळ घेते, दुसऱ्याला बाटलीने पाजतो आहोत.

जीव लावलेला आहे, तो काही कमी होत नाही.

तुझी,
ताई

•

राजधानी,
२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न., आणि या खेपेला खरोखर गुडघे टेकून.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. कुणाच्या हाती लागण्याआधी तो तक्ता आपण पाहावा, असं मनात आलं. पाहावा की फाडावा, ते मलाच ठरवता येत नव्हतं. विधानगृहाच्या तळघरात दप्तरखाना आहे. तिथल्या म्हाताऱ्या दप्तरदाराने एक शब्द न विचारता शिडी लावून दिली.

ताई, काय सांगू तुला! राज्यातल्या प्रत्येक शाळेचे तक्ते तिथे वर्षावर्षाचे बांधून ठेवले आहेत, जमिनीपासून छतापर्यंत. मी सहज एक गठ्ठा सोडला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण. दुसरा सोडला, तिसरा सोडला, प्रत्येक ओळीपुढे खूण. दप्तरदार म्हणाला, या मिस डोहर्टी. सव्वीस वर्षं वरच्या खोलीत बसून एकटीने सगळ्या शाळांचे तक्ते वाचले, कधी रजा नाही. सत्तेचाळीस साली वारल्या. कुठल्या तरी शाळेतल्या मुलाचे बूट फाटल्याचं शेऱ्यात वाचलं की त्या तालुक्याच्या चर्चला चिठ्ठी पाठवत. मला एकदम आठवलं, मी सहावीत असताना माझ्याबरोबर शिकणाऱ्या ड्वेनच्या बापाला कुठूनसे बूट आले होते, आणि कुणी पाठवले ते कधीच कळलं नव्हतं. त्या तळघरात मी टोपी काढून हातात घेतली. घुमटाखाली पडली होती, इथे आपण होऊन काढली.

मग आपली शाळा काढली. बत्तीस साल: हार्लन ट्वाइट, वय पाच. शेरा कोरा. पुढे खूण. तेहेतीस साल: हार्लन ट्वाइट, वय पाच.

ताई, तू दुसऱ्या वर्षी खरं वय लिहिलंस! खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोललं की असं होतं. पहिल्या वर्षीचं खोटं पुढे चालवायचं असतं हेच तुला सुचलं नाही. आणि त्या दुसऱ्या पाचाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, आणि समासात बारीक अक्षरात: “हा मुलगा सलग दोन वर्षं पाचाचाच. तिकडे थंडी फार असावी. शाळा चालू राहू दे. एम. डी.”

मी शिडीवरच बसून राहिलो. पस्तीस वर्षं तू ज्या डोळ्यांना भीत होतीस, त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं, ओळखलं होतं, आणि मला शेगडीमागे बसू दिलं होतं. माझं सगळं शिक्षण, माझी ही खुर्ची, त्या एका ओळीवर उभी आहे. आणि मी तो रकाना काढायला निघालो होतो.

काल सभागृहात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन. दोन्ही तक्ते वाचून दाखवले. माझ्याच विधेयकाला मीच दुरुस्ती मांडली: घरी मुलाला सांभाळायला कोणी नसेल आणि शिक्षकाने तसं शेऱ्यात खरं लिहिलं, तर वर्षभरापर्यंत सूट, आणि ते मूल हजेरीत मोजायचं. शेऱ्याचा रकाना राहील, आणि खात्यातल्या माणसाने तो वाचून सही करायची. एक वकील सभासद हसून म्हणाले, वाचण्याची सक्ती कायद्याने कशी करणार. तेवढ्यात गुस्ताफसन उठले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे मला सोलणार. त्यांनी एवढंच विचारलं, की शेगडी कोळशाची होती की लाकडाची. मी म्हटलं, लाकडाची. ते म्हणाले, आमच्याकडे कोळशाची होती, आणि मीही चारच वर्षांचा होतो. आणि हात वर करून उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचा हात वर झाला. मग पलीकडचा. मी अकरापर्यंत मोजले, पुढे डोळ्यांना नीट दिसेना. अध्यक्ष म्हणाले, हात खाली घ्या, अजून मतदान पुकारलेलं नाही.

पुकारलं तेव्हा सात मतांनी जिंकलो. वरच्या सभागृहातही अडणार नाही असं गुस्ताफसन सांगतात. आता ते मला रोज कॉफी पाजतात आणि रोज नव्या गोष्टीला विरोध करतात.

तुझ्या परवान्याचं तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात आहे. त्याची धास्ती मला आहे, तुला नसेल.

तुझ्या पुढ्यात घोड्यावर बसलेला,
हार्लन

•

ॲन्टिलोप ओढा शाळा,
२७ ऑक्टोबर १९६७

चि. हार्लन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गुरं विकायला गेला आहेस, पण हे तू परत येईपर्यंत माझ्या पोटात राहणार नाही, म्हणून पोस्टात टाकते.

परवान्याचं वसंतातच मिटलं, हे तुला माहीत आहे. शिक्षणाधिकारी बाई आल्या, लेखी ताकीद दिली, भाजलेला बटाटा खाल्ला आणि गेल्या. ताकीद मी पेटीत जपून ठेवली आहे, तुझ्या पहिल्या दाताशेजारी.

इंगा सप्टेंबरपासून येते आहे. पहिल्या दिवशी बाहेर जाऊन खिडकीला नाक लावून आत पाहून आली, आपण खरंच आत आहोत ना याची खात्री करायला. आता बटाट्यावर नाव कोरते, आय-एन-जी-ए या चार अक्षरांत दोन उलटी. आईला पत्र लिहिते, त्यातही तीच दोन उलटी. आईचं बरं आहे, नाताळपर्यंत घरी सोडतील असं म्हणतात.

नवा तक्ता आला तेव्हा वयाच्या रकान्याशी मी बराच वेळ थांबले. मग लिहिलं: इंगा स्ट्रॉमस्टॅड, वय चार. हार्लन, बत्तीस साली पाच एका झटक्यात लिहिलं होतं, हा चार मात्र दोनदा गिरवला. शेऱ्यात सगळं लिहिलं, आई, ट्रक, कुत्रा, खिडकी. रकाना पुरला नाही, मागच्या बाजूला गेले.

काल खात्याकडून पोच आली. छापील असेल म्हणून मी मुलांसमोरच फोडली. माझ्या तक्त्याची नक्कल होती. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण, मागच्या बाजूलासुद्धा. खाली सही कुणाची ते कळलं नाही, अक्षर तरुण दिसतं. इंगाच्या ओळीशी समासात लिहिलं आहे: “वाचलं. शाळा चालू राहू दे. पुढच्या वर्षी मात्र नक्की पाच लिहा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सहा.”

मी हसायला लागले आणि मग रडायलाच लागले. मुलं घाबरून भोवती जमली. इंगाने विचारलं, बाई, काय झालं. मी तिला सांगितलं, की लांब राजधानीत कुणीतरी तुझ्याबद्दल वाचलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, कुत्र्याबद्दलही का. मी सांगितलं, हो, कुत्र्याबद्दलही.

शेगडीत लाकूड घालायची आज तिची पाळी आहे. जपून घालते आहे.

घरी आलास की इकडे ये. तुझी घोंगडी अजून शेगडीमागेच आहे.

तुझी,
ताई