आठवा बोल्ट

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर, बॉयलरच्या कारखान्यातून तपासणी अभियंता म्हणून निवृत्त, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे, कोणाच्या धाकाने किंवा भरीस घातल्यामुळे नव्हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाईंनी एक तयार मसुदा दिला होता. "नुसता उतरवून काढा, ताई. सगळे तेच करतात," असे त्या म्हणाल्या. तो मी साभार परत केला. दुसऱ्याचे उतरवून काढण्याचे काम मी आयुष्यात एकदाच केले आहे. ते कलम पाचमध्ये येईल.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. विकायचे झाल्यास दोघांच्या संमतीने विकावे आणि घेणाऱ्याला आधीच सांगावे की जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर उंच आहे. ती आमच्या ह्यांनी गवंड्याशी हुज्जत घालून स्वतः मापून बसवून घेतली. मी तेव्हा चार दिवस माहेरी गेले होते. ह्यांना जाऊन नऊ वर्षे झाली, तरी मी तिथे ठेचकाळते, ह्यांना दोन शब्द सुनावते आणि मग मला बरे वाटते.

२. बँकेतील ठेवी दोघांना सारख्या. यावर भांडू नये.

३. ड्रिल मशीन धाकट्या भावोजींना. त्यांनी ते एकदा मागून नेले, पाते आवळायची चकची चावी हरवून परत आणले आणि वर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला तरी कशाला लागतंय?" ती चावी गेल्या वर्षी त्यांच्याच कपाटात मी डोळ्यांनी पाहिली. आता मशीनही तिच्याकडे जाऊ दे.

४. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि बाकी मोजमापाची साधने मुलीला. ती माझ्याच धंद्यात आहे. काचेच्या कपाटात मांडून ठेवायची नाहीत, वापरायची. माझा जुना पानाही तिलाच. तो घेऊन मी चौतीस वर्षे प्रत्येक बॉयलरच्या प्रत्येक बोल्टपाशी स्वतः गेले. मोठे साहेब म्हणायचे, "बाई, मागच्या खेपेचंच रीडिंग घाला, काय फरक पडतोय?" मी घातले नाही, म्हणून माझी बढती सहा वर्षे अडकली. लोक मला करारी म्हणाले, मुले माझा अभिमान सांगत फिरली. मी ते सगळे ऐकून घेतले. खरे कारण वेगळे होते.

५. तिसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात साठ जणांत मुली दोनच होत्या, मी आणि वर्गाने जिला ठिणगी नाव दिले होते ती. वसतिगृहात खोली एक, टेबल एक. तिचा हात ड्रॉइंगला पाण्यासारखा चालायचा. माझी शीट खोडरबराने फाटायची. एका मोठ्या व्हॉल्व्हचे ड्रॉइंग द्यायचे होते. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही खिडकीची काच काढून दोन खुर्च्यांवर ठेवली, खाली दिवा लावला, तिची शीट खाली, माझी वर, आणि मी रेघ न् रेघ उतरवून घेतली. अशा काचेवर निम्मा वर्ग पास व्हायचा.

तिच्या शीटमध्ये एक चूक होती. झाकणाचे आठ बोल्ट, त्यांतला आठवा व्हॉल्व्हच्या भिंतीला इतका चिकटून की त्याला पाना लागूच शकत नव्हता. मी तोही इमानाने उतरवला.

सरांनी दोन्ही शीटा एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. "हा आठवा बोल्ट कोण आवळणार? पाना कुठून घालणार?" वर्ग हसला, सरही हसले. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "कुणी कुणाचं उतरवलंय?" नियम साधा होता: उतरवणाऱ्याचे वर्ष जाणार.

आदल्याच रविवारी माझे वडील येऊन गेले होते. "एक विषय जरी राहिला, तरी सामान बांधायचं आणि घरी यायचं," असे त्यांनी ठिणगीच्या देखत सांगितले होते. ठिणगी उठली. "मी उतरवलं, सर."

मी मूग गिळून बसले.

तिचे वर्ष गेले. त्या वर्षात तिची आई अंथरुणाला खिळली आणि ती परत आलीच नाही. पुढे तिने पंपदुरुस्तीचे दुकान काढले. मला पहिला वर्ग मिळाला. माझ्या गच्चीवरचा पंप तिने तीनदा दुरुस्त केला. तिन्ही वेळा मी चहा केला, तिन्ही वेळा तो विषय काढला नाही.

मुलांनो, तुमच्या आईचा करारीपणा हा असा आहे. मी प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहिला, तो त्या एका बोल्टपायी. मला लाज वाटते. अठ्ठेचाळीस वर्षे वाटते आहे. बाहेरच्या खोलीतली माझी पदवी भिंतीवरून काढून ठेवावी.

६. ड्रॉइंगची पेटी. वसतिगृह सोडताना ठिणगीने ती माझ्या टेबलावर ठेवली होती. "असू दे, तुला लागेल." ती मी तिच्या नावे करणार होते आणि साक्षीदारही तिलाच. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दोन्हींपैकी एक निवडा. मी ठिणगीला फोन करून सगळे सांगितले, कलम पाचसह. ती म्हणाली, "वाटेकरी करणार असशील तर मी येणार नाही. साक्षीदार कर, येते."

ती सकाळीच आली. मी लिहिते आहे आणि ती समोर बसून पान पान वाचते आहे. कलम पाच वाचून तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "बोल्ट माझाच चुकला होता गं. तेवढं माझ्या नावावर राहू दे." पेटी मी तिच्या हातात दिली आहे. जी माझी नव्हतीच, ती मृत्युपत्रात घालता येत नाही. म्हणून हे कलम रद्द.

येथवर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे आणि खाली सही करत आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) शेजारचे डॉक्टर. बाईंना तपासले, पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: (सही) ठिणगी, पंपदुरुस्ती. हे सर्व हिने माझ्यासमोर बसून लिहिले. स्वतःचे आहे, कोणाचे उतरवलेले नाही.