फळा पडणार आहे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे सध्या हा कागदावरच घालतोय, गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? माझं म्हणशील, तर डावा पाय सोडून बाकी सगळा मी उत्तम आहे.

पाय कसा मोडला ते कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. लाँड्रीच्या वरच्या खोलीत मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो, हे तुला ठाऊक आहेच. शिंपी, प्लंबर, दवाखान्यातल्या दोन आया, बेकरीवाला आणि त्याची सासू, असा वर्ग. (सासूबाई जावयाच्या चुका काढायलाच येतात, पण हजेरी चोख.) माझ्याकडे शिस्त आहे. मराठी बंद. बोलायचं ते उभं राहून, पूर्ण वाक्यात. चुकलं की पहिल्यापासून. माझं नाव आहे ते या शिस्तीमुळेच.

त्या दिवशी भविष्यकाळ घेतला होता. तू असतीस तर नियम पाठ करून घेतले असतेस; मी जगण्यातून शिकवतो. ऐनवेळी मनात आलं तर 'आय विल', म्हणजे गिऱ्हाईक दारात बघून शिंपी 'उद्या देतो' म्हणतो, तसं. आधीच ठरवलेलं असेल, किंवा पुढचं डोळ्यांना दिसत असेल, तर 'गोइंग टू'. हे मी अगदी रंगात येऊन सांगत होतो, तेवढ्यात प्लंबर बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, फळा..." मी म्हटलं, इंग्रजीत. तो उभा राहिला. "बोर्ड फॉल." पूर्ण वाक्य, मी म्हटलं. बिचाऱ्याने जुळवाजुळव केली, मधलं 'इज' विसरला, मी पहिल्यापासून म्हणायला लावलं. मग वाटलं, इतकं चपखल उदाहरण एकट्याने का म्हणावं? सगळ्यांना उभं केलं. सगळा वर्ग माझ्या डोक्यामागच्या खिळ्याकडे बघत एका सुरात म्हणाला, "द बोर्ड इज गोइंग टू फॉल." मी म्हटलं, शाब्बास. आणि फळा पडला.

पण शिकवण किती पक्की बघ. मला उचलून दवाखान्यात नेलं, तरी एकजणही मराठीत बोलला नाही. (काय झालंय ते डॉक्टरांना कळायला त्यामुळे जरा वेळ लागला.)

तेव्हापासून वर्ग आमच्या पुढच्या खोलीत भरतो आणि तुझी भावजय शिकवते. दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळून वर हे. तिच्याकडे ना फळा, ना शिस्त. चुकलं तरी ती बोलू देते, अडलं तर मराठीतही. मी आत पलंगावरून ऐकतो. परवा सासूबाईंनी जावयाची बेकरी आपण ताब्यात घेणार असल्याचं इंग्रजीत जाहीर केलं आणि सगळे खो खो हसले. वाक्य अगदी बरोबर होतं. ताई, माझ्या वर्गात कोणी हसलेलं मला आठवत नाही. वाईट वाटलं. अर्थात हसण्याने इंग्रजी येत नाही, हे माझं मत कायम आहे.

प्लास्टर कधी निघेल ते डॉक्टरांनाच ठाऊक. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझी भावजय तुझं ऐकते. तिला दोन ओळी लिही, की ज्याचा वर्ग त्याला परत द्यावा. मी सांगितलं असं दिसू देऊ नकोस. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय, म्हणून पाकीट नीट चिकटवलंय.

ता. क. (दुसऱ्या अक्षरात) ताई, नमस्कार. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. ह्यांचं प्लास्टर मागच्याच आठवड्यात निघालं. पाय बरा आहे. एरवी घरभर हिंडतात आणि वर्गाची वेळ झाली की पाय उशीवर ठेवून पडतात. आपण बाहेर गेलो आणि कोणाला आनंदच झाला नाही तर, ही भीती. बोलत नाहीत, पण मला कळतं. तिकडे वर्गातले सगळे रोज मला विचारतात, सर कधी येणार. तुम्ही काही लिहू नका. उद्या वर्गाच्या वेळी मी घरी नसेन. विद्यार्थी येणार आहेत. दार ह्यांनाच उघडावं लागेल.