भिंतीवरची पहिली गाडी

शांताचे बाबा,

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, तुमची बहीण तेवढी राह्यली. मयताच्या घराले चुना देतात, तो आज द्यायचा आहे, अन् मी कुंचा घेऊन तुमच्या भिंतीसमोर उभी आहे. हात उचलत नाही. दुःखानं नाही जी, रागानं! म्हणून आधी हे लिहून घेते. चौथीपर्यंतची शाळा आज कामाले आली.

केवढी ती भिंत! दारापासून देव्हाऱ्यापर्यंत गाडीच गाडी. बालाघाटात पहिल्यांदा इंजन आलं ते तुमच्या बाबांनी लहानपणी पाह्यलं होतं, अन् त्यांनी सांगतलं तसं तुम्ही काढलं. इंजनाले हार घालणारे, नारळ फोडणारे, उधळलेले बैल. अन् फलाटावर चपलाजोड्यांची ती लांबच लांब रांग! लोकं देवळात शिरावं तशी चपला काढून डब्यात चढली, अन् गाडी सुटल्यावर बोंबलत बसली. तुमचे बाबा, माझे मामाजी, हे सांगताना हसून हसून खोकत. तेवढं मलेही आवडे, खोटं कशाले बोलू?

पण तुम्हाले दुसरं काही सुचलंच नाही. दुकानाच्या पाट्या रंगवून घर चाले, अन् लग्नघरी हत्ती-मोर काढायले बोलावलं की तिथंही इंजनच. लालबर्र्याच्या त्या राईसमिलवाल्यानं लेकीच्या लग्नात तुमचं इंजन पुसून हत्ती काढून घेतला, आठवते? घरी येऊन तुम्ही ताटावरून उठले. भाजी माझी होती, तिचा काय गुन्हा?

दर दिवाळीले आळीतल्या बाया चारही भिंती पांढऱ्या करत, मी तीन. "काहून वं, चुना सरला का?" म्हणून हसत. शांता पाठ टेकून बसली की तुम्ही खेकसत. खिळा ठोकायचा नाही, दिवा जवळ न्यायचा नाही. माझ्याच घरात मी अंग चोरून वावरली.

अन् डब्यांच्या खिडक्यांत कोणाकोणाले बसवलं तुम्ही? मामाजी आहेत. तुमची बहीण आहे. भरवेलीचा तुमचा तो सायकलवाला दोस्त आहे. एकदा धीर करून विचारलं, "मले काहून नाही काढलं जी?"

"तेव्हा तू जन्मली तरी होती का?"

"मग वन्सं जन्मल्या होत्या?"

कुंचली पुसत तुम्ही म्हणाले, "तुले तर रोजच पाहतो. काढायचं काय त्यात?"

झालं! पाहत होते म्हणे. कधी पाह्यलं?

आता खरं बोलू? गोंदियाहून भाऊनं निरोप धाडला, आईचं काही खरं नाही, निघून या. मी लुगडं बदललं, गाठोडं बांधलं. शांता तेव्हा कडेवर होती. तुम्ही स्टुलावर चढून इंजनाचा धूर काढून राह्यले होते. म्हणाले, "चुना ओला आहे तोवरच रंग धरते. एवढा धूर होऊ दे, उद्याच्या गाडीनं जाऊ." मी म्हटलं, मी एकटी जाते. तुम्ही वळून पाह्यलंही नाही. "बाईमाणूस एकटी कुठं जाते?" मी दारात उभीच राह्यली. टेशनावरून शिटी आली, गाडी गेली, तरी उभी. दुसऱ्या दिवशी पोचलो तर घाटावर नुसती राख अन् अंगणात भावाचं भादरलेलं डोकं.

अन् घरी परतल्यावर तुम्ही काय म्हणाले? "पाह्य, धूर कसा जमला!" शरम नाही वाटली जी? जिनं मले जन्म दिला तिचं तोंड मी पाह्यलं नाही, अन् त्या धुराची तारीफ करू? इतकी वर्षं रोज सकाळी डोळे उघडले की समोर तोच धूर. तुम्ही मजेत चहा पीत.

मघाशी तुमची बहीण आडवी आली. "वहिनी, पुसू नको वं. त्यात माझे बाबा आहेत. दुसरा फोटो नाही त्यांचा." पदरानं मामाजींचं तोंड पुसून राह्यली होती, भिंतीवरचं. मी बोलली तिले, नको ते बोलली. मग कुंचा खाली ठेवला. तिचा बाप तिच्यापासून काहून हिसकू? आई नसली की काय होते ते मले चांगलं समजते.

थांबा, उठून येते.

दिला चुना, दिवस कलला त्यात. फक्त धुरावर. दोन हात कोरडे झाले तरी काळं दिसे, म्हणून तिसरा दिला. मामाजी खिडकीतच आहेत, वन्सं आहेत, चपला जागच्या जागी आहेत. पण आता इंजनातून काही निघत नाही जी. गाडी उभी आहे. नारळ फुटले, हार पडले, अन् ती काही जात नाही. राहू द्या उभी. मीही राह्यली होती.

माफी मात्र मागू नका, मी देणार नाही. एक वचन देते, ते घ्या. दर दिवाळीले त्या जागेवर पहिला हात माझा. अन् उद्या सकाळच्या गाडीनं मी गोंदियाले चालली. भाऊ न्यायले येतो म्हणत होता, त्याले नाही म्हटलं. तिकीट मीच काढणार, खिडकीपाशी मीच बसणार. एकटी.

तुमच्या कोणत्याच डब्यात नसलेली,
यमुना