चार तळव्यांएवढी जागा

कोल्हापूर, ६ जानेवारी २०२५

ति. पप्पांस ॲश्लिनचा सा. न., मम्माला गोड पापा.

वि. वि. फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणून मध्येच ठेवून देता, म्हणून लिहिते. मास्तर माणसाला लिहिलेलं तरी वाचावंच लागतं! मम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन इथे कोल्हापुरात २७ तारखेला ठरलं आहे. आणखी उशीर केलात तर त्या डोळ्याची आशा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तुम्ही स्वतःच गाडी हाकत फोंडाघाट चढणार, हा तुमचा हट्ट. मग माझाही एक ऐका. आधी कणकवलीत चारही टायर आणि चाकं तपासून घ्या. वर्षातले दहा महिने गाडी अंगणात उन्हात उभी असते. मला खरंच भीती वाटते, पप्पा.

लोभ आहेच, फक्त या वेळी थोडं ऐकाही.
तुमची ॲश्लिन

तोंडवली, ११ जानेवारी

चि. ॲश्लिनास पप्पांचं बेसांव आणि आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती उगाच हसत बसली. अगो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? नऊ वर्षांत गाडी चौदा हजार किलोमीटर फिरली. टायरवरची नक्षी कोऱ्या चपलेसारखी आहे. शिवाय दर शनिवारी मी चारही टायरांना घरचं खोबरेल चोळतो. चर्चमध्ये मिसाला जाताना ते कसे चकाकतात, सगळी वाडी बघते.

एक सांगतो. हा माझा शेवटचा घाट. परतलो की चावी तुझ्या भावाकडे, डायलनकडे देणार. का, ते विचारू नको. पण तुझ्या आईला, माझ्या आपोलिनाला, घाटापलीकडे मीच नेणार. तुझ्या समाधानासाठी टायर दाखवून येतो.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा पप्पा

तोंडवली, १८ जानेवारी

चि. ॲश्लिनास बेसांव, दोनदा.

आज आम्ही दोघं कणकवलीला गेलो आणि, देवा सायबा, मी चाट पडलो! टायरच्या दुकानाची मालकीण आकांक्षा, असेल तिशीची. तिने टायरवर अंगठा फिरवला, वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, की यात बांगडे तळता काय. तेलाने रबर खराब होतं म्हणे, त्यात ऊन आणि खारा वारा. टायरच्या कडेवरचे आकडे तिने वाचले: ३२१५, म्हणजे दोन हजार पंधराचा बत्तिसावा आठवडा. जन्मभर पोरांची हजेरी घेतली, पण दारातल्या टायरचं वय मला वाचता आलं नाही. तिने कड दाबली तशा भेगा उघडल्या. एका टायरला आतून फुगवटा आला होता. घाटात तो फुटला असता.

चारही नवे घेतले. मग तिने एकाला खडू फासून चाक पुठ्ठ्यावर टेकवलं. उमटलेल्या खुणेवर मी हात ठेवला. माझ्या तळव्याएवढीच! चार तळव्यांवर अख्खी गाडी, तुझी आई, मी आणि तो घाट.

पुढचं जुनं चाक तिने यंत्रावर फिरवून दाखवलं होतं, ते थडथडत होतं. नवा टायर चढवून सुपारीएवढं वजन लावलं आणि तेच चाक असं शांत फिरलं, की मी टोपी काढली. हवा सकाळी टायर थंड असतानाच बघायची, असं तिने मला दोनदा बजावलं.

आता, चावी डायलनकडे का देणार होतो, ते ऐक. वर्षभर, साठाच्या वर गेलं की स्टिअरिंगवर माझे हात थरथरायचे. वाटलं, संपलं आपलं. कुणाला बोललो नाही. आज परतताना हायवेला सत्तरपर्यंत नेली. हात जागच्या जागी! ती थरथर माझी नव्हतीच, चाकाची होती. गाडी कडेला घेतली, तुझ्या आईला सगळं सांगितलं आणि रडलो. ती म्हणाली, की तिला ते कधीच कळलं होतं. आणि हात खरोखर माझेच थरथरत असते, तरी ती दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून घाट चढली नसती.

२६ ला, रविवारी मिसानंतर निघतो. असाच जीव लावत जा.
तुझा पप्पा, कॉस्मे