चौथ्या गाण्याची ढोलकी

१० जाने., शनि.
डेव्हच्या बेसमेंट स्टुडिओत चौथं गाणं झालं एकदाचं. माझ्या पहिल्या अल्बममधलं एवढंच नागपूरला असताना लिहिलेलं. बाबा सकाळी दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जय भीम’ घालायचे, तेच ध्रुवपदात आलंय. समीरने ढोलकी अशी वाजवली की दुसऱ्या कडव्यात मीच ओळ विसरले. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये कोड लिहिणारा पुण्याचा मुलगा, हा हात कुठून आणला कोण जाणे.

१२ जाने., सोम.
बाबांना रेकॉर्डिंग पाठवलं. माझ्या गाण्याबद्दल अवाक्षर नाही. “ढोलकी कोणाची गं? हात आहे पोराचा. नाव काय त्याचं?” तेवढ्यात ऑफिसची मीटिंग. उद्या सांगते म्हटलं.

१७ जाने., शनि.
समीर आला. पोहे दोनदा घेतले. निघताना, बूट घालता घालता –
“प्रज्ञा, चौथ्याला माझं नाव नको टाकू. बाकी सातला टाक.”
“का रे?”
“मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही यार. गाणं बेस्ट आहे. पण घरचे, मंडळातले लोक... उगाच चर्चा होते.”
ओके म्हटलं मी. मला कोविड झाला तेव्हा रोज दाराशी डबा ठेवून जाणारा हाच.

१९ जाने., सोम.
डेव्हला कळवलं. म्हणाला, नाव कोणाला नको असतं? समजावायला तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करायची? शेवटी ‘फॅमिली मॅटर’ म्हटलं. स्वतःचाच संताप आला.

२४ जाने., शनि.
कॉम्प्युटरवरची ढोलकी लावून पाहिली. गाणं मेलं. समीरची परत लावली, उठून बसलं. चौथं काढूनच टाकावं? मग अल्बम करतेय कशाला. चिडावं तर त्या वाजवण्यावर चिडता येत नाही, आणि वाजवलंय त्यानेच.

३१ जाने., शनि.
समीरच्या मुलीचा वाढदिवस. पोरगी ध्रुवपद गुणगुणत फिरत होती, ‘जय भीम’सकट, तिच्या अमेरिकन उच्चारात. कुठे ऐकलंस विचारलं. “डॅड प्लेज इट इन द कार. एव्हरी डे.” समीर मेणबत्त्या शोधायला किचनमध्ये गेला. त्या टेबलावरच होत्या.

६ फेब्रु., शुक्र.
उद्या रिलीज. बाबांचा फोन. विहारात स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवणार आहेत, आधी दोन शब्द स्वतः बोलणार. “ढोलकीवाल्याचं नाव राहिलंच बघ. त्याचं आधी घेणार, मग तुझं.”
फोन चालू ठेवूनच समीरला मेसेज केला: बाबा तुझं नाव विचारतायत, काय सांगू? वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या.
“हं, पेन घेतलं. सांग.”
“थोड्या वेळाने फोन करते, बाबा,” म्हटलं.
अजून केलेला नाही. तिकडून दोन मिस्ड कॉल येऊन गेले, दोन्ही बाबांचे.